तीन किलोमीटर खोल चिखलातून समुद्राची जुनी पातळी कशी मोजतात

साधारण २० हजार वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होती. सैबेरियातून अलास्काला पायी जाता येत होतं, ब्रिटन हे बेट नव्हतं, जावा-सुमात्रा-बोर्निओ आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेली होती आणि ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी मिळून एकच भूभाग होता. ही वाक्यं पाठ्यपुस्तकांपासून माहितीपटांपर्यंत सगळीकडे इतक्या सहजपणे येतात की मूळ प्रश्न विचारायचा राहूनच जातो. हे मोजलं कोणी, आणि कशावरून?

किनाऱ्यावर जुन्या खुणा शोधाव्यात हे पहिलं सुचणारं उत्तर. पण हिमयुगातले किनारे आता पाण्याखाली आहेत. शिवाय समुद्र एकदाच खाली जाऊन वर आला असंही नाही. गेल्या सात-आठ लाख वर्षांत साधारण दर लाख वर्षांनी हा प्रकार झाला आहे, आणि प्रत्येक फेरीत लाटांनी आधीच्या बऱ्याचशा खुणा खरवडून नेल्या आहेत. सलग नोंद हवी असेल तर लाटा जिथे पोचतच नाहीत तिथे जावं लागतं. म्हणजे तीन-चार किलोमीटर खोल, समुद्रतळावर साचलेल्या गाळाकडे.

इथे शंका यायलाच हवी. वर चार किलोमीटर पाणी असताना त्यातलं सव्वाशे मीटर कमी झालं काय नि नाही झालं काय, तळाच्या चिखलाला त्याचं काय? खरं आहे, त्याला काहीच फरक पडत नाही. त्या चिखलात समुद्राची उंची कुठेही नोंदवलेली नसते. नोंदवलेली असते ती पाण्याची रासायनिक घडण, आणि तीही दुसऱ्याच एका गोष्टीत पार मिसळून गेलेली. ती मिसळण सोडवण्यात विसाव्या शतकाचा निम्मा भाग गेला. मला विचाराल तर या विषयातली खरी गंमत त्या सोडवणुकीतच आहे. सव्वाशे मीटर हा आकडा त्यामानाने दुय्यम.

चिखलात असतं काय

किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात गाळ फार सावकाश साचतो. हजार वर्षांत एक ते पाच सेंटिमीटर, एवढाच. वाऱ्याबरोबर उडत आलेली धूळ, नद्यांनी आणलेली अगदी बारीक माती, आणि वरच्या पाण्यात जगून मेलेल्या सूक्ष्म जीवांची कवचं, असा तो ऐवज असतो. या जीवांपैकी आपल्या कामाचे म्हणजे फोरामिनिफेरा. हे एकपेशीय जीव स्वतःभोवती कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे चुन्याचं, कप्प्याकप्प्यांचं कवच बांधतात. आकार बारीक वाळूच्या कणाएवढा. यांच्या काही जाती पृष्ठभागाजवळ तरंगत जगतात, काही थेट तळाच्या चिखलात. जगतात वेगवेगळ्या ठिकाणी, पण मेल्यावर दोघांचीही कवचं एकाच गाळात, एकाच थरात शेजारी शेजारी येऊन पडतात. हे लक्षात ठेवा, पुढे सगळा वाद यावरच फिरणार आहे.

मात्र कुठलाही गाळ चालत नाही. चार-पाच किलोमीटरच्या खालचं थंड, दाबाखालचं पाणी चुना विरघळवून टाकतं, त्यामुळे अतिखोल भागात कवचं उरतच नाहीत. म्हणून संशोधक समुद्रातल्या डोंगररांगा आणि पाण्याखालची पठारं शोधतात.

गाळाचा नमुना काढायचा तर जहाजावरून जड वजन लावलेली पोकळ नळी तळात रुतवतात. आतून गाळाचा जो लांब दंडगोल निघतो त्याला कोअर म्हणतात. नुसती नळी रुतवली तर आतल्या घर्षणाने गाळ चेपला जातो आणि थोड्याच अंतरावर काम थांबतं. १९४०च्या दशकात स्वीडनचे बोर्ये कुलेनबर्ग यांनी नळीत दट्ट्या बसवला. नळी खाली घुसत असताना दट्ट्या तळाच्या पातळीलाच थांबून राहतो आणि त्याच्याखाली निर्माण होणाऱ्या कमी दाबामुळे गाळ न चेपता वर ओढला जातो. १९४७-४८ सालच्या ‘अल्बाट्रॉस’ जहाजाच्या स्वीडिश मोहिमेत या युक्तीने दहा मीटरहून लांब कोअर हाती आले. संथ साचणाऱ्या गाळात दहा मीटर म्हणजे कित्येक लाख वर्षं.

अमेरिकेत लॅमाँट वेधशाळेच्या मॉरिस युइंग यांनी तर आपल्या ‘व्हेमा’ जहाजाला शिस्तच लावून दिली होती की जहाज कुठेही असो, रोज एक कोअर काढायचाच. त्यातल्या बहुतेकांचं पुढे काय करायचं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. आज संशोधनासाठी पैसे मागताना असं कारण दिलं तर अर्ज पहिल्याच टेबलावरून परत येईल. पण हिमयुगांचं गणित सुटलं ते बऱ्याच अंशी याच साठ्यातून.

हलका ऑक्सिजन, जड ऑक्सिजन

पाण्यातला ऑक्सिजन बहुतांश एकाच प्रकारचा असतो, अणुभार १६ असलेला. पण साधारण पाचशे अणूंमागे एक अणू १८ अणुभाराचा निघतो. दोन न्यूट्रॉन जास्त, बाकी रासायनिक वागणूक जवळपास तीच. फरक फक्त वजनाचा, आणि तेवढा पुरतो. हलक्या ऑक्सिजनचं पाणी किंचित सहज वाफ होतं. वाफेचं पुन्हा पाणी होताना जड ऑक्सिजनचं पाणी किंचित आधी खाली येतं. उष्ण प्रदेशातून ध्रुवांकडे निघालेली वाफ वाटेतल्या प्रत्येक सरीबरोबर थोडा थोडा जड ऑक्सिजन टाकत जाते. शेवटी ध्रुवाजवळ जो बर्फ पडतो त्यात जड ऑक्सिजन बराच घटलेला असतो. ग्रीनलँडच्या मध्यावरच्या बर्फात तो समुद्राच्या पाण्यापेक्षा हजारी (म्हणजे दर हजारामागे) सुमारे ३५ने कमी आहे, आणि पूर्व अंटार्क्टिकाच्या उंच पठारावर हजारी ५०हूनही अधिक.

एरवी हे पाणी नद्यांतून, हिमनद्यांतून परत समुद्रात येतं आणि जमाखर्च जुळतो. हिमयुगात तो जुळत नाही. उत्तर अमेरिकेवर आणि उत्तर युरोपवर कित्येक किलोमीटर जाडीचे बर्फाचे थर चढले, आणि त्यात गेलेलं पाणी हजारो वर्षं परत आलंच नाही. हलकं पाणी जमिनीवर अडकलं, समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढलं. फोरामिनिफेरा आपलं कवच याच पाण्यातून बांधतात, त्यामुळे ती वाढ कवचात उतरली.

ती किती असेल, हा हिशोब कागदावरही करता येतो. समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर. त्यातला १२० मीटरचा थर उचलून बर्फात टाकला, तर पाण्याचा सव्वातीन टक्के भाग गेला. त्या बर्फात जड ऑक्सिजन सरासरी हजारी ३०ने कमी होता असं धरू. तीसचे सव्वातीन टक्के म्हणजे जवळजवळ एक. अर्थात उरलेल्या समुद्रात जड ऑक्सिजन हजारी एकने वाढायला हवा. पातळीतल्या दर दहा मीटरच्या घसरणीमागे ही वाढ हजारी ०.०८ ते ०.११ इतकी पडते. आजची उपकरणं हजारी ०.०५च्या आसपासचे फरकही ओळखू शकतात. कागदावर तरी काम सोपं दिसतं.

प्रत्यक्षात खोल समुद्राच्या कोअरमधली तळवासी कवचं मोजली तर हिमयुग आणि आजचा काळ यांच्यातला फरक हजारी एक येत नाही, १.७च्या आसपास येतो.

वरचे ०.७ कुठून आले?

तापमानातून. कवच बांधलं जातं तेव्हाचं पाणी जितकं थंड, तितका त्यात जड ऑक्सिजन जास्त घेतला जातो. एक अंश तापमानामागे हा फरक हजारी पावच्या थोडा आतबाहेर असतो. अडचण अशी की हिमयुगात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, बर्फही वाढतो आणि पाणीही गार होतं. आणि दोन्ही कवचातला आकडा एकाच दिशेला ढकलतात. आकडा हातात आला तरी त्यातला बर्फाचा वाटा किती आणि थंडीचा किती हे त्या आकड्याकडे पाहून सांगता येत नाही.

मुळात ही पद्धत निघाली ती तापमान मोजण्यासाठीच. हॅरल्ड युरी यांनी १९४७ साली मांडलं की प्राचीन शिंपल्यांतल्या ऑक्सिजनवरून त्या काळच्या पाण्याचं तापमान काढता येईल. शिकागोत त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालेले इटालियन संशोधक चेझारे एमिलियानी यांनी हे तंत्र समुद्रतळाच्या कोअरना लावलं, आणि १९५५ साली निष्कर्ष छापले. पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या फोरामिनिफेराच्या कवचांत त्यांना नियमित चढउतार दिसले. तोवर आल्प्समधल्या खुणांवरून हिमयुगं चारच झाली असं भूशास्त्रात पक्कं मानलं जात होतं. कोअरमध्ये त्याहून जास्त फेऱ्या दिसत होत्या. एमिलियानींनी त्यांना क्रमांक दिले, उबदार काळांना विषम आणि थंड काळांना सम. ते क्रमांक आजही तसेच वापरात आहेत. पण या चढउताराचा मोठा भाग त्यांनी तापमानाच्या खात्यावर टाकला. बर्फातलं पाणी फारसं हलकं नसावं असं त्यांनी गृहीत धरलं होतं, त्यामुळे बर्फाच्या वाट्याला थोडंच उरलं.

केंब्रिजचे निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ साली यावर घेतलेला आक्षेप मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा युक्तिवाद वाटतो, कारण तो समजायला समीकरण लागत नाही. खोल समुद्राचं पाणी आजच दोन-तीन अंशांवर आहे. खारं पाणी उणे दोन अंशांच्या सुमारास गोठतं. म्हणजे तळाचं पाणी आणखी गार व्हायला जागाच फारशी नाही, फार तर चार अंश. आता एमिलियानी बरोबर असतील, चढउतार मुख्यतः तापमानाचा असेल, तर पृष्ठभागावरच्या कवचांत तो मोठा दिसेल आणि तळवासी कवचांत त्यामानाने बराच लहान. दोन्ही कवचं एकाच थरात पडलेली आहेत. मोजा आणि पाहा.

मोजणं सोपं नव्हतं. तळवासी फोरामिनिफेरा गाळात विरळ सापडतात आणि त्या काळच्या यंत्रांना पुष्कळ कवचं लागत. शॅकल्टन यांनी आपला वस्तुमान-वर्णपटमापक, म्हणजे हलके-जड अणू वेगळे करून मोजणारं यंत्र, सुधारून तो अगदी थोड्या कवचांवर चालेल असा केला. वाद्यांचा नाद असलेला हा माणूस क्लॅरिनेट वाजवायचा, आणि जुन्या क्लॅरिनेटचा त्याचा संग्रह नावाजलेला होता. यंत्राशी धीराने झटण्याचा स्वभाव तिथूनच आला असेल, असं आपलं मला वाटतं. मोजमापाचा निकाल मात्र स्पष्ट होता. वरची कवचं आणि तळाची कवचं जवळपास सारखीच बदलत होती. दोघांना एकत्र हलवणारी गोष्ट एकच असू शकते, खुद्द पाण्याची घडण. आणि ती बदलते बर्फामुळे.

तरी शॅकल्टन यांचा काटाही थोडा पलीकडे गेला होता. तळाचं पाणी जवळजवळ बदललंच नाही असं धरलं तर सगळे १.७ बर्फाच्या खात्यावर जातात आणि समुद्रपातळी अवास्तव खाली येते. याचा निकाल लागला तो कवचांतून नव्हे, पाण्यातून. गाळाच्या कणांमधल्या फटींत पाणी अडकलेलं असतं. हिमयुगातलं जड ऑक्सिजनचं पाणी वरून झिरपून गाळात शिरलं, आणि समुद्र पुन्हा हलका झाल्यावरही तळाखाली कित्येक मीटरांवर त्याचा पसरट, फिकट झालेला उंचवटा शिल्लक राहिला. डॅनियल श्रॅग आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून कोअरमधलं हे पाणी पिळून मोजलं, आणि तो उंचवटा किती पसरला असेल याचं उलटं गणित मांडून मूळ आकडा काढला. तो हजारी एकच्या आसपास भरला. मघाशी कागदावर केलेल्या हिशोबाशी जुळणारा. उरलेले ०.७ थंडीचे. म्हणजे खोल समुद्र आजच्यापेक्षा सुमारे तीन अंशांनी गार, जवळपास गोठणबिंदूला टेकलेला होता.

दरम्यान आणखी एक वाट सापडली. पाणी उबदार असेल तर कवचात कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम जास्त शिरतं. त्याच कवचांतलं मॅग्नेशियम मोजून तापमान वेगळं काढायचं आणि एकूण आकड्यातून वजा करायचं. तत्त्व सरळ आहे. पण अगदी थंड पाण्यात हा फरक बारीक असतो आणि कवच अर्धवट विरघळलेलं असलं तर तोही बिघडतो. शेवटच्या हिमयुगाच्या आधीच्या काळांसाठी मात्र हाच मुख्य आधार आहे, कारण फटींतल्या पाण्याचा उंचवटा तोवर पुसला गेलेला असतो.

टेबलावर

एवढ्या मोठ्या निष्कर्षांमागचं काम कसं चालतं ते एकदा जवळून पाहायला हवं. कोअर लांबीत चिरून दोन भाग करतात. एक अर्ध न मोडता जपून ठेवायचं, दुसऱ्यावर काम करायचं. कामाच्या अर्धातून ठरावीक अंतरावर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे काप घेतात. काप वाळवून, पाण्यात भिजवून बारीक चाळणीवर धुतला की माती वाहून जाते आणि पांढरट वाळूसारखं काही उरतं. ती सगळी कवचं. ती काळ्या तबकडीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहायची, हवी ती जात ओळखायची आणि ओलसर केलेल्या बारीक कुंचल्याच्या टोकावर उचलून बाजूला ठेवायची. वेगवेगळ्या जातींचं मिश्रण चालत नाही, कारण प्रत्येक जात आकड्यात स्वतःची थोडी खोड मिसळते. उदाहरणार्थ युव्हिजेरिना आणि सिबिसिडॉइडिस हे दोन्ही तळवासी, पण एकाच पाण्यात जगूनही त्यांच्या आकड्यांत हजारी ०.६च्या आसपास कायमचा फरक राहतो. समुद्रपातळीच्या भाषेत हा साठेक मीटरचा घोळ. निवडलेल्या कवचांवर फॉस्फोरिक आम्ल टाकतात, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड यंत्रात जातो, आणि एका कापामागे एक आकडा मिळतो. असे शेकडो काप.

हे काप तरी किती बारीक काळ दाखवतात? समुद्रतळावर किडे राहतात. ते वरचा साधारण दहा सेंटिमीटरचा गाळ सतत उकरत असतात. जिथे हजार वर्षांत दीड सेंटिमीटर गाळ साचतो, तिथे सहा-सात हजार वर्षांची सरमिसळ झाली म्हणून समजा. अशा कोअरकडून एखाद्या शतकाचा हिशोब मागणं व्यर्थ आहे.

कोणता थर कधीचा

खोलीला वर्षांत बदलायला खुंट्या लागतात. वरच्या पन्नासेक हजार वर्षांना कवचांतला किरणोत्सारी कार्बन पुरतो. हिंदी महासागराच्या मोठ्या भागात सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या राखेचा थर सापडतो, तो आयता मैलाचा दगड. त्याखालचा सर्वांत भक्कम आधार चुंबकत्वाचा. गाळातले लोहयुक्त कण बसताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळतात, आणि हे क्षेत्र अधूनमधून उलटं होतं. शॅकल्टन आणि नील ऑपडाइक यांनी १९७३ साली पश्चिम पॅसिफिकमधल्या ‘व्ही२८-२३८’ या कोअरवर काम केलं, जो ‘व्हेमा’नेच काढलेला होता. त्यात शेवटची मोठी उलटापालट १२ मीटर खोलीवर सापडली, एमिलियानींच्या पद्धतीने मोजल्यास एकोणिसाव्या टप्प्यात. एका खुंटीवर सगळी टप्प्यांची माळ काळाच्या अक्षावर बसली.

तीनच वर्षांनी, १९७६ साली, जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन कोअरवरून दाखवलं की या चढउतारांत सुमारे एक लाख, ४१-४२ हजार आणि २३ हजार वर्षांची आवर्तनं आहेत. पृथ्वीच्या कक्षेचा आकार, आसाचा कल आणि आसाची डुलणी यांची आवर्तनंही नेमकी एवढीच. तेव्हापासून कोअरच्या वयाचं वेळापत्रक कक्षेच्या गणिताशी जुळवून घेण्याची रीत पडली. यात वर्तुळाकार तर्काचा धोका आहे हे उघड आहे. कक्षेनुसार वय लावायचं आणि मग बघा, कक्षेचाच ताल निघाला, असं म्हणायचं. पण १९९० साली एक छान कसोटी लागली. कक्षेशी जुळवलेल्या वेळापत्रकानुसार चुंबकीय उलटापालट ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची निघत होती. खडकांवरून ठरलेलं, तेव्हाचं मान्य वय ७ लाख ३० हजार. नंतर ज्वालामुखी खडकांची आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकात साठत जाणाऱ्या आर्गॉन वायूवरून, नव्याने मोजणी झाली, आणि खडकांचाच आकडा ७ लाख ८० हजारांकडे सरकला. पुढे २००५ साली लॉरेन लिसिएकी आणि मॉरीन रेमो यांनी जगभरातल्या ५७ ठिकाणच्या नोंदी एकत्र करून ५३ लाख वर्षांचा एकच आलेख बांधला. आज हिमयुगांवरची बहुतेक चर्चा त्याला टेकून चालते.

तांबड्या समुद्राची युक्ती

खुल्या समुद्रात बर्फाचा आवाज आणि तापमानाचा आवाज जवळपास सारखाच मोठा. मग बर्फाचा आवाज नैसर्गिकरीत्याच वाढलेला असेल अशी जागा सापडली तर? अशी जागा आहे. तांबडा समुद्र हिंदी महासागराला बाब-अल-मंदेबच्या चिंचोळ्या वाटेने जोडलेला आहे, आणि त्या वाटेतला सर्वांत उथळ उंबरठा, हनीश बेटांजवळचा, फक्त १३७ मीटर खोल आहे. या समुद्राला मोठी नदी मिळत नाही, पाऊस नाहीच म्हणायचा, आणि उन्हाने वर्षाला सुमारे दोन मीटर पाणी उडून जातं. ती तूट भरून निघते ती या एकाच दारातून.

आता बाहेरची पातळी उतरू लागली की दार अरुंद होतं. आतलं पाणी बाहेरच्याशी बदलायला जास्त वेळ लागतो, ते उन्हात जास्त काळ राहतं, अधिक खारट होतं आणि त्यातला जड ऑक्सिजन वाढतो. पातळी १२० मीटर खाली गेल्यावर उंबरठ्यावर जेमतेम पंधरा-वीस मीटर पाणी उरतं, आणि मग आतला बदल खुल्या समुद्राच्या कित्येक पट मोठा होतो. मार्क सिडॉल, एल्को रोहलिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ साली या दाराचं जलगणित मांडून तांबड्या समुद्रातल्या कवचांवरून थेट समुद्रपातळी काढली, अधिक-उणे १२ मीटरच्या अचूकतेने. आधी हिमथर किती मोठे होते ते काढा, मग त्यांचं पाणी करा, असा द्राविडी प्राणायाम इथे करावा लागत नाही. पातळी हेच कारण, आणि खारटपणा हाच परिणाम.

इथल्या गाळात आणखी एक मौज आहे. हिमयुगांच्या ऐन काळातल्या थरांत पृष्ठभागावर तरंगणारे फोरामिनिफेरा एकदम नाहीसे होतात. पाणी इतकं खारट झालं की त्यांना जगता आलं नाही. म्हणजे नेमकं हवं तिथे नोंदपुस्तक कोरं. पण कोरं पानही काही सांगतं. दार पूर्ण बंद झालं असतं तर तांबडा समुद्र आटत जाऊन तळावर मिठाचे जाड थर बसले असते. गेल्या पाच लाख वर्षांच्या गाळात असे थर नाहीत. त्याअर्थी त्या काळात समुद्र उंबरठ्याच्या खाली कधीच गेला नाही. पातळीची खालची मर्यादा ठरवायला याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

उथळ गाळाची साक्ष

बर्फ वितळतानाचा काळ बारकाईने पाहायचा तर खोल समुद्र फार संथ पडतो. तिथे उथळ, आता बुडालेल्या सपाट भागांतले कोअर कामाला येतात. मलेशिया-इंडोनेशियाजवळच्या सुंदा उथळीवर पाण्याखालच्या गाळात खारफुटीची मुळं आणि कुजट माती सापडते. खारफुटी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच वाढते, त्यामुळे ती जिथे सापडली ती त्या दिवसाची समुद्रपातळी, आणि लाकडाचं वय किरणोत्सारी कार्बनने मिळतं. इथे कवच नको, ऑक्सिजन नको. या नोंदीत साडेचौदा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास पातळी ३०० वर्षांत १६ मीटर चढलेली दिसते. बार्बाडोस आणि ताहितीचे प्रवाळही याच उसळीची साक्ष देतात. वर्षाला पाच सेंटिमीटर म्हणजे उपग्रह आज मोजतात त्याच्या दहापटीहून अधिक वेग. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला बोनापार्ट आखातातल्या कोअरमध्ये मचूळ पाण्याच्या गाळावर अचानक खऱ्या समुद्राचा गाळ चढतो, सुमारे १९ हजार वर्षांपूर्वी. हिमयुगाचा तळ तिथे संपला.

मात्र या सगळ्या ठिकाणांचे आकडे जसेच्या तसे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जुळायलाही नकोत. बर्फाच्या वजनाने जमीन दबते आणि बर्फ गेल्यावर हळूहळू वर येते. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या आणि स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताच्या भोवती ती आजही वर्षाला सेंटिमीटरभर उठते आहे. परत आलेल्या पाण्याच्या भाराने समुद्रतळ दबतो. बर्फाचा प्रचंड थर स्वतःच्या गुरुत्वाने आजूबाजूचं पाणी आपल्याकडे खेचून धरतो. म्हणून मूळ हिमथरांपासून दूरची ठिकाणं निवडतात, आणि तरीही प्रत्येक आकड्याला गणिती दुरुस्ती लावावी लागते.

आणि इतकं सगळं करून एक मोठी तफावत शिल्लक आहे. दूरच्या किनाऱ्यांवरची मोजमापं १२५-१३० मीटर किंवा त्याहूनही खोल पातळी सांगतात. दुसरीकडे जमिनीवर हिमथरांनी मागे ठेवलेल्या खुणा धरून प्रत्येक थराचं आकारमान काढून बेरीज केली, तर २०१९ सालच्या एका ताळमेळात पंधरा ते वीस मीटर समुद्रपातळीइतका बर्फ कमी पडला. तो होता कुठे? काहींचा संशय अंटार्क्टिकावर आहे. काहींनी हिमथरांची नव्याने मांडणी करून सांगितलं की बर्फ हरवलेला नाहीच, पातळीचा आकडाच जास्त धरला गेला आहे. इथे खोल समुद्राचा गाळ पंच होऊ शकत नाही. हजारी एकचा आकडा १३० मीटर पाण्यातूनही निघतो, जर बर्फात जड ऑक्सिजन सरासरी हजारी २७-२८ने कमी असेल. आणि तोच ११५ मीटरमधूनही निघतो, जर तो हजारी ३१ने कमी असेल. यातला कोणता बर्फ खरा हे सांगायला उत्तर अमेरिकेवरच्या त्या थराचे नमुने हवेत. त्या अवाढव्य थराचा कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या बार्न्स हिमटोपीत एवढासा अवशेष उरला आहे. तिच्या कडेला हिमयुगातला खरा बर्फ उघडा पडतो आणि त्यातला ऑक्सिजन मोजताही येतो, पण तो एका टोकाचा बर्फ आहे, साऱ्या थराची सरासरी त्यावरून काढता येत नाही.